गरिबाची गाढ झोप आणि शंभर रुपये रोज

एसी खोलीत गोळी घेऊन तळमळणारा साहेब आणि फुटपाथवर घोरणारा मजूर, यात खरा श्रीमंत कोण? गरिबाला ना कर्ज ना काळजी, त्याची तक्रारही नाही. शेवटी ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’. नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय.

आधी झोप. 23 मे 2013 ला इथं पारा 47.9 अंशांवर गेला होता. टिनाच्या एकदारी खोलीत कुलर लावला तरी हवा बाहेर पडायला समोर खिडकी लागते. ती नसली की ओल कोंडते, घाम सुकत नाही, नुसती चिकचिक. म्हणून माणसं बाहेर झोपतात आणि सकाळी ठिय्यावर, म्हणजे मजूर नेतात त्या नाक्यावर, उभी राहतात. काम मिळेलच असं नाही.

‘कर्ज नाही’ हे तर साफ खोटं. रोजच्या वसुलीचा हिशोब असा: कर्ज 10,000 चं, 1,000 आधीच कापून हाती 9,000. मग रोज 100, असे 100 दिवस. सावकार याला ‘दहा टक्के’ म्हणतो. पण मुद्दल रोज उतरतं, म्हणजे सरासरी साडेचार हजारच वापरायला मिळतात. त्यावर 100 दिवसांत 1,000. वर्षाचा दर 80 टक्क्यांच्या घरात. तापानं चार दिवस खाडा झाला की मजुरी बुडते, 400 थकतात, आणि ते भरायला दुसरीकडून उचल.

तक्रारीचं म्हणाल तर विचारणारा कोण, हे पाहा. जिच्याकडे धुणीभांडी करायची ती ‘बरं चाललंय ना?’ म्हणाली, तर ‘हो बाई’ याशिवाय काय सांगणार? बंगालच्या दुष्काळानंतर 1944 मध्ये कलकत्त्याजवळच्या सिंगूरला प्रकृतीची विचारपूस झाली. 48.5 टक्के विधुरांनी तब्येत वाईट किंवा बेताची असल्याचं सांगितलं. विधवांमध्ये असं म्हणणाऱ्या फक्त 2.5 टक्के. विधवा धडधाकट होत्या म्हणून नव्हे. अमर्त्य सेन हे उदाहरण देतात ते याचसाठी: वंचिताची अपेक्षाच आक्रसते.

बुद्धांनी अनाथपिंडिक या आपल्या धनिक उपासकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यात कष्टाचं धन असणं आणि कोणाचं देणं नसणं ही दोन आहेत. दीक्षाभूमीच्या गावात हे तरी ठाऊक असावं.

उरले ‘ठेविले अनंते’ म्हणणारे तुकोबा. घरची महाजनकी होती. परंपरा सांगते, आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. फॉरवर्डमध्ये तेवढं गळलंय.