उमरेड रोडवर जेवताना घ्यायची काळजी

मे महिन्यात वाघ बघायला ताडोब्याला निघालात ना? मग आधी नकाशा उघडा. कर्कवृत्त 23.5 अंशांवर, चंद्रपूर 20 च्या आसपास. म्हणजे तुम्ही रीतसर उष्ण कटिबंधात शिरताय, वर पारा 45 च्या घरात. पोटाला जपायलाच हवं. नागपूरहून उमरेड, भिवापूर, चिमूर करत कोलारा गेट गाठायचं तर वाटेत भूक लागणारच.

जिथे ट्रक उभे आहेत आणि एसटीचा कंडक्टर उभ्या उभ्या आलूबोंडा-रस्सा हाणतोय, तिथे चुकूनही थांबू नका. तिथला रस्सा भट्टीवर रटरटत असतो, बोंडा कढईतून थेट ताटलीत येतो आणि एक घाणा संपायच्या आत दुसरा पडतो. शिळं व्हायला अन्नाला सवडच नाही! असल्या धांदलीत तुमच्याकडे कोण बघणार? थोडं पुढे काचेच्या दाराचं, एसीचं, रिकामं हॉटेल लागेल. तिथे सकाळचा भात दुपारी तीनपर्यंत खास तुमच्यासाठी कोमट बसून असतो. बॅसिलस सिरीयस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत आणि कोमट भातात तो जंतू झपाट्याने वाढतो, म्हणे. पण या जंतूवाल्यांनी तिथलं सोळा पानी, लॅमिनेट केलेलं मेन्यूकार्ड कुठे पाहिलंय!

तर्री दिसली की घाबरा. भिवापूर मिरचीचा मुलूख आहे, घाबरायला हरकत नाही. मात्र तिखटाने जंतू मरतात ही समजूत सोडू नका, म्हणजे कालच्या गार पाटवडीवर ठेचा लावून बिनधास्त खाता येईल. जंतू मरतात ते आचेने, असं कोणी म्हणालंच तर त्याला ठसका लागेपर्यंत थांबा.

पाणी सीलबंदच मागा. झाकण उघडताना कट्‌ आवाज येतो का, ते कान लावून ऐका. खात्री पटली की पोराला बर्फ आणायला सांगा. तो मोरीशेजारच्या ओल्या पोत्यातली लादी टोच्याने फोडेल आणि मूठभर खडे तुमच्या ग्लासात सोडेल. बर्फात जंतू फार तर गारठतात.

हात साबणाने धुऊन हाताने जेवणं हा शुद्ध खेडवळपणा. चमचा मागा. पोरगा तो खांद्यावरच्या फडक्याने आपुलकीने पुसून देईल. त्याच फडक्याने मघाशी टेबल पुसलं होतं आणि त्याआधी त्याने स्वतःचा घाम. शेजारी सकाळी चिरून ठेवलेली काकडी असेल, तीही घ्या. हिरवं खाल्लेलं चांगलं.

मागच्या उन्हाळ्यात मी यातलं सगळं तंतोतंत पाळलं. ड्रायव्हरने मात्र ट्रकवाल्यांच्या टपरीवर दोनदा रस्सा मागून घेतला. अशा माणसांना आरोग्याचं काही कळत नाही. रात्री नवव्या फेरीनंतर मी खोलीत परतलो, तर तो 1 लिटर पाण्यात 6 छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळत बसला होता.

"मी तं म्हनलं होतं साहेब, गरम आलूबोंडा खाऊन घ्या."

पहाटे जिप्सी वेळेवर सुटली. वाघीण दिसली म्हणे, दोन बछड्यांसह. माझ्या सीटवर तो बसला होता.