रसवंतीचा चरकही सावकाशच फिरतो

पुण्यातल्या आमच्या सहकारनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याभरात एकच मेसेज तीनदा येऊन गेला. दोनदा पहिल्या मजल्यावरच्या काकांकडून, एकदा माझ्याच मावसबहिणीकडून. मजकूर थोडक्यात असा: साध्या ज्यूसरची पाती इतकी जोरात फिरतात की उष्णतेने फळातली एन्झाइम्स (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) मरतात; सावकाश पिळणाऱ्या कोल्ड प्रेसचा रस मात्र ‘जिवंत’ असतो. तो सकाळी उपाशीपोटी घेतला की शरीरातली विषं निघून जातात. सत्त्व सगळं रसात, चोथा फेकायचा. साखर नैसर्गिक, म्हणून मधुमेहींनाही चालतो. आणि दुधीचा रस कडू लागला तर नाक दाबून प्यावा, कडू तेच औषध.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीच्यांचं नंतर बघू, यात थेट जीव जाऊ शकतो.

दुधी, काकडी, दोडका या कुळातल्या भाज्यांत कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एरवी ती अगदी नगण्य असतात, पण एखाद्या फळात वाढतात आणि तेच फळ कडू लागतं. त्याचा पेलाभर रस पोटात गेला की उलट्या, कधी रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब एकदम खाली. यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणं सांभाळू शकतात. 2018 मध्ये पुण्यातच एका बाईंचा असा रस पिऊन मृत्यू झाला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीचा सल्ला सोपा आहे: रस काढण्याआधी तुकडा चाखा, कडू असेल तर तो दुधी वापरू नका, रस दुसऱ्या रसात मिसळू नका. मिसळू नका हे महत्त्वाचं, कारण आलं-पुदिना-आवळा घातला की कडवटपणा कळतच नाही. आमची आई कोशिंबिरीची काकडी चिरताना आधी टोक कापून जिभेला लावायची. समिती वेगळं काय सांगतेय?

आता वेगाचं. साधा ज्यूसर मिनिटाला हजारो फेरे घेतो, कोल्ड प्रेसचा मळसूत्री दांडा साधारण 40 ते 100. इतपत खरं. पण अर्धा किलो गाजरं मिनिट-दीड मिनिटात संपतात. रसाला हात लावून बघा, कोमटसुद्धा लागत नाही. बहुतेक एन्झाइम्स मोडायला याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. शिवाय ती जिवंत राहिली म्हणून आपल्याला काय? पोटातल्या आम्लात ती इतर प्रथिनांसारखीच पचून जातात. उलट सफरचंदाचा रस तपकिरी पडतो तो मुख्यतः एका एन्झाइमच्याच करणीने. उसाच्या रसाचंही तेच. रसवंतीचा चरक घुंगरू वाजवत किती सावकाश फिरतो! खरा कोल्ड प्रेस म्हणावा तर तोच. तरी रस ठेवला की काळपट पडतोच.

कोल्ड प्रेसची जमेची बाजू वेगळीच आहे. पालक, गव्हांकुर असल्या पाल्यातून तो जास्त रस काढतो, फेस कमी येतो, शेजारी उठत नाहीत. त्यासाठी घ्यायचा तर जरूर घ्या.

साखरेच्या मुद्द्यावर मोसंबी घेऊन बसा. पेलाभर रसाला तीन-चार लागतात, म्हणजे 16 ते 20 ग्रॅम साखर, साधारण चार चमचे. तेवढ्याच कोल्ड्रिंकमध्ये फारशी जास्त नसते. सोलून खायला बसलात तर दुसऱ्या मोसंबीला हात थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखर कमी करायला सांगितलं, तेव्हा फळांच्या रसातली साखरही त्यात धरली. अख्ख्या फळातली धरली नाही. मधुमेह असलेल्या माणसाला ‘नैसर्गिक’ म्हणून पेला पुढे करणं हा प्रेमळ घातपात आहे.

चोथ्यात तंतू असतात, तो फेकू नका. आमच्याकडे गाजराचा चोथा भाजणीत मळतात, वर तीळ, कोथिंबीर. एक गोष्ट मात्र रसाच्या बाजूने मान्य करतो: कच्च्या गाजरातलं कॅरोटीन (अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल) पेशींत अडकलेलं असतं, ते भरडल्याने मोकळं होतं. पण अंगी लागायला सोबत स्निग्ध पदार्थ हवा. थालीपिठावरचा लोण्याचा गोळा ते काम चोख करतो.

राहिली विषं. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, सकाळच्या पेल्याची वाट न बघता. बीट प्यायल्यावर लघवी लालसर होते तो बीटाचा रंग. तळजाईच्या टेकडीवर एकाने ते ‘विष बाहेर पडतंय’ म्हणून आनंदाने सांगितलं होतं. उलट रोज मोठा पेला पालक-बीटाचा रस घेतला तर त्यातली ऑक्झलेट्स (मुतखड्याला कारण ठरणारी द्रव्यं) मूत्रपिंडांनाच भारी पडू शकतात. ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

माझा रविवार पेठेतून आणलेला साधा ज्यूसर अजून चालतो. काकांनी कोल्ड प्रेस घेतलाच. काल जिन्यात भेटले, म्हणाले, ‘‘अरे, त्या जाळीत आल्याचे धागे अडकतात, ते कशाने काढायचे?’’ घरातून जुना टूथब्रश आणून दिला.