चढायच्या दिवशी एकच हॉल उघडा? असूदे की!

क्रूझवरून परतलेल्या माणसाला जेवण कसं होतं विचारलं की हल्ली ठरलेलं उत्तर येतं. "बाकी झकास हो, पण पहिल्या दिवशी पंचाईत झाली. दुपारी चढलो तर एकच डायनिंग हॉल उघडा. काही ऑप्शनच नाही!" आमच्या देवगडच्या खानावळीत येणारे पुण्या-मुंबईचे पाहुणेही हेच सांगतात. त्यात मी आधी जहाजावर गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, होतो हे कळलं, की त्या दिवशीचे बाकीचे काउंटर जणू मीच बंद ठेवले होते अशा नजरेने बघतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. पटेल त्याने घ्यावं, बाकीच्यांनी खाली भांडावं.

माझं म्हणणं एवढंच: छोट्या जहाजावर चढायच्या दिवशी जेवणाचे पर्याय जितके कमी, तितकं ताटात येणारं जेवण बरं. आणि आपल्या कोकणपट्टीवरून जाणारं जहाज असेल, तर त्या दुपारी एकच जेवण असावं, आणि ते इथलं असावं.

आधी गॅलीत त्या दिवशी काय चाललेलं असतं ते बघा. सकाळी जुने पाहुणे उतरत असतात, त्यांना पोटभर नाश्ता द्यायचाच असतो. ते उतरून होईतो बाजूच्या दारातून प्रोव्हिजन चढायला लागतं. भाजीच्या क्रेट, अंडी, दूध, गोठवलेलं मटण-मासळी, तांदळाची पोती. प्रत्येक गोष्ट मोजून, तपासून, आपापल्या कोल्ड रूममध्ये लावायची. त्याच दिवशी काही क्रू साइन-ऑफ होऊन घरी जातो, त्यांच्या जागी नवीन पोरं येतात. त्यांना ताटल्या कुठे आणि सुऱ्या कुठे हेही ठाऊक नसतं. आणि दुपार व्हायच्या आत नवीन पाहुणे दारात हजर. एकाच कार्यालयात सकाळी एका लग्नाची पंगत उठवून दुपारी दुसऱ्या लग्नाची बसवायची, आणि आचारी तेच, असा तो प्रकार.

मोठ्या जहाजाला हे परवडतं. तिथे गॅली अनेक, माणसं शेकड्यांनी. वरच्या डेकवर बुफे, पलीकडे ग्रिल, पिझ्झाचा काउंटर, पैसे मोजून जेवायचं वेगळं रेस्टॉरंट. छोट्या जहाजावर एक मुख्य गॅली, एक हॉल, फार तर डेकवर चहा-कॉफी आणि सँडविचची एक खिडकी. तिथे पहिल्या दुपारी पाच ठिकाणं उघडायची म्हटलं तर एकच गोष्ट होते: सकाळी किंवा आदल्या रात्री करून ठेवलेलं अन्न पाच जागी वाटून मांडलं जातं. पास्ता, पनीरची लाल ग्रेव्ही, सॅलड, भाजलेली कोंबडी. बोर्ड पाच वेगळे, आतला माल तोच. तुम्हाला पाच पर्याय दिसतात, आम्हाला पाच जागी गरम ठेवायची कटकट दिसते. गरम पदार्थ साठ अंशांच्या खाली आणायचा नाही, थंड पाच अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि मांडलेलं ठरलेल्या वेळेनंतर टाकून द्यायचं. पर्याय वाढले की ते टाकणंही वाढतं. भरलेले ट्रे कचऱ्यात जाताना बघितले की पर्यायांचं कौतुक उरत नाही.

गर्दीचं खरं कारण वेगळंच आहे. केबिन साफ होऊन मिळायला दुपारचे दोन-तीन वाजतात. तोवर हातातल्या बॅगा घेऊन करणार काय? सगळे जेवायला. भूक असलेला आणि नसलेला, दोघेही रांगेत. ज्याला खरोखर भूक नाही त्याने सरळ डेकवर जाऊन बसावं, तासाभराने यावं. हॉल मोकळा मिळतो आणि वाढणारी पोरंही जरा माणसात आलेली असतात.

बरेच जण विचारतात, जेवता जेवता हॉल बंद का करतात? त्याचं कारण मस्टर, म्हणजे संकटात जहाज कसं सोडायचं याची कवायत. कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आपटली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या कित्येकांची कवायत झालेली नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला. २०१५ पासून, पाहुणे चोवीस तासांपेक्षा जास्त जहाजावर राहणार असतील तर कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी व्हायलाच हवी. आणि तुम्हाला डाळ वाढणारा पोरगाच तिथे लाइफ जॅकेट घालून तुमची हजेरी घेत उभा असतो. तो एका वेळी दोन ठिकाणी कसा असेल? त्या वेळी "आमचं डेझर्ट राहिलं" म्हणून वाद घालणारी माणसं मी बघितली आहेत. नमस्कार आहे त्यांना.

आता ताटात काय असावं, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

मुंबईहून दक्षिणेकडे निघालेलं जहाज रात्रभर काय काय मागे टाकत जातं बघा. खांदेरी, अलिबाग, मुरूड, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. एकेका बंदराची मासळी वेगळी, वाटण वेगळं, वड्याचं पीठसुद्धा वेगळं. आणि जहाजावर पहिलं ताट येतं ते दिल्लीतल्या कुठल्याही हॉटेलात मिळेल असं. सोलकढी असलीच तर 'वेलकम ड्रिंक' म्हणून बोटभर ग्लासात, गुलाबी सरबतासारखी गोड. हे एका जहाजाचं गाऱ्हाणं नाही, मेन्यू ठरवणाऱ्यांच्या डोक्यात 'सगळ्यांना चालेल असं' हे जे भूत बसलंय त्याचं आहे. सगळ्यांना चालेल असं जेवण कोणालाच आठवत नाही.

नॉर्वेत हुर्टिग्रुटनच्या बोटी १८९३ पासून किनाऱ्याकिनाऱ्याने चालतात, आज बर्गनपासून किर्केनेसपर्यंत, चौतीस बंदरं घेत. सुरुवात टपाल, माल आणि प्रवासी वाहण्यासाठी. म्हणजे आपल्या जुन्या कोकण बोटींचीच जातकुळी. आपल्या बोटी इतिहासजमा झाल्या, त्यांच्या चालू राहिल्या. त्या बोटींवर आज मुद्दाम त्या त्या किनाऱ्यावरचं जेवण वाढतात. मासळी, मांस, चीज, बरंचसं वाटेतल्या लोकांकडून घेतलेलं. पाहुणे तक्रार करत नाहीत, उलट त्यासाठीच जातात. आपल्याकडे आंबा-काजूच्या बागा आणि बांगडा-सुरमईचा समुद्र दोन्ही हाताशी असताना आपण मेन्यूत 'काँटिनेंटल' लिहून मोकळे होतो.

"अहो पण जहाजावर मालवणी जेवण जमतं का?" असं विचारतील. काही जमतं, काही नाही, आणि इथेच गॅलीत राबलेल्या माणसाचं ऐकावं. जहाजाच्या गॅलीत आगीच्या भीतीने उघडी ज्योत सहसा ठेवत नाहीत. सगळं विजेवर. त्यामुळे तांदळाची भाकरी तव्यावरून काढून विस्तवावर टाकली आणि टम्म फुगली, हे तिथे होत नाही. भाकरीचा हट्ट सोडा. पण घावणे? त्यांना सपाट, एकसारखी तापलेली पाटीच लागते, आणि ती प्रत्येक गॅलीत असते. मी स्वतः घातलेत. जहाज जरा डुलत असलं की गंमत होते: घावण्याचं पीठ पातळ, ओतलं की कललेल्या बाजूला पळतं. एक कड जाळीदार, दुसरी कड जाड आंबोळीसारखी. मग डुलण्याचा ताल पकडायचा, जहाज सरळ होतं त्या क्षणाला पळी फिरवायची. आमचा गोव्याचा चीफ कुक हे बघून हसायचा आणि मग पहिले दोन स्वतःच उचलायचा.

कुळथाची पिठी तर जहाजासाठीच जन्मली आहे म्हणा. पीठ कोरडं, महिनोन् महिने टिकतं, अर्ध्या तासात पातेलंभर तयार, आणि गरम ठेवली तरी बिघडत नाही. गरम भात, पिठी, वर खोबरेल तेलाची धार, सोबत भाजलेला पापड. काळ्या वाटाण्याची उसळही आदल्या रात्री भिजवून सकाळी होते. मुरली की जास्त चांगली लागते. सोलकढीला मात्र जपावं लागतं. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, वर्षभर टिकतं, पण नारळाचं दूध काढून ठेवलं की आंबायला लागतं, म्हणून थोडी थोडी करायची आणि थंडच ठेवायची. मासळी एकच ठेवा, बांगडा ठेवा, तिरफळ घालून. तो ताजा त्याच सकाळी ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर मिळतो, जहाजाच्या दारापासून फार लांब नाही. पावसाळ्यात, जून-जुलैत, मासेमारी बंद असते, पण तेव्हा असल्या सफरीही नसतात. ज्यांना मासळी नको त्यांच्यासाठी उसळ, फणसाची भाजी, वरण-भात आहेच. झालं. एक हॉल, एक जेवण, गरम.

असं साधं, हलकं जेवण सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते जाहिरातीत कोणी लिहीत नाही. बोट लागते. छोटं जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलतं. बंदरात असताना काही कळत नाही, म्हणून लोक दुपारी तळलेलं, क्रीमवालं, वर दोन बिअर असं हाणतात. प्राँग्सचं दीपगृह मागे पडलं, उघड्या समुद्राची लाट आडवी लागायला लागली, की रात्रीच्या जेवणाला अर्धा हॉल रिकामा. भरलेल्या ताटल्या तशाच गॅलीत परत येतात. माझी आजी जुन्या बोटीने मुंबईला जायची, देवगडला पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, बोटीवर चढून. तिचा नियम होता: "उपाशी जाव नको, आणि गळ्यापर्यंत जेवान पण जाव नको." सोबत शिदोरी भाकरी आणि सुक्या चटणीची, तोंडात आल्याचा तुकडा. डॉक्टरही आज साधारण तेच सांगतात. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावरचं टेबल मागावं. तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते.

रात्रीच्या जेवणाबद्दल थोडक्यात. पहिल्या रात्री कपड्यांचा बाऊ करू नका, कित्येकांच्या बॅगा केबिनपर्यंत पोचलेल्याच नसतात आणि स्टाफला ते ठाऊक असतं. पैसे देऊन जेवायचं वेगळं रेस्टॉरंट असेल तर तिथे पहिल्याच रात्री जा, बहुतेक जण तोवर त्याचा विचारही करत नाहीत, टेबल सहज मिळतं. बुफेत पहिल्या दिवशी चमचा तुमच्या हाती न देता पोरं वाढत असतील तर रागावू नका. चढताना कोणाच्या तरी हाताला पोटाचा आजार लागून आलेला असू शकतो, आणि छोट्या जहाजावर तो पसरायला वेळ लागत नाही. हात मात्र साबणाने धुवा, नुसता सॅनिटायझर चोळून भागत नाही.

जैन जेवण हवं असेल, शेंगदाणा किंवा कोळंबी चालत नसेल, तर ते तिकीट काढतानाच कळवा आणि चढल्यावर हॉलच्या मॅनेजरला पुन्हा तोंडी सांगा. रात्री टेबलावर बसून "यात कांदा आहे का?" विचाराल तेव्हा ग्रेव्ही होऊन चार तास झालेले असतात.

आणि घरचा डबा. नेऊ नका. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजं चढूच देत नाहीत, सिक्युरिटीला काढून ठेवतात, मग काकू तिथेच उभ्या राहून भांडतात आणि मागची सगळी रांग खोळंबते. पॅकबंद सुका खाऊ काही ठिकाणी चालतो; आधी फोन करून विचारा, आणि हो म्हणाले तर आमची काजूवडी घेऊन जा. खानावळीत मिळते.