एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : खडीत कच नव्हती, कारण ती नकोच होती

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुमच्या पार्किंगमध्ये ब्लॉक बसवायचं काम ठरल्यापेक्षा चार दिवस लांबलं आणि तेवढे दिवस तुमची गाडी रस्त्यावर उभी राहिली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मी फोन उचलला नाही हेही खरं आहे. मशीनच्या आवाजात ऐकू आला नसेल, पण संध्याकाळी तरी मी उलट फोन करायला हवा होता.

पण "मुरूम वाचवून खाली नुसती सुटी खडी टाकली, फसवलं" असं तुम्ही लिहिलंय, ते फार लागलं. आमची निम्मी कामं लोकांच्या शब्दावर येतात. हे वाक्य वाचून पुढचा माणूस फोनच करणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला पाणी जिरवणारं पार्किंग हवं होतं, म्हणजे पावसाचं पाणी ब्लॉकच्या सांध्यांतून खाली जाऊन जमिनीत मुरेल असं. मुरूम किंवा कच (खडी फोडताना पडणारा बारीक चुरा) मिसळलेली खडी रोलरखाली घट्ट बसते, साध्या ब्लॉकखाली आम्हीही तीच घालतो. पण तो बारीक माल मोठ्या खड्यांमधल्या फटी भरून टाकतो आणि पाण्याला वाटच उरत नाही. म्हणून तुमच्याकडे 20 ते 40 मि.मी.ची, धुतलेली, फोडलेली खडी घातली. फोडलेलीच, कारण गुळगुळीत गोटे चाकाखाली सरकतात, कोनदार खडी मात्र एकमेकींत अडकते. अशा थरात साधारण 30 टक्के जागा पोकळ राहते. तुमचा थर 300 मि.मी.चा आहे, म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास 90 लिटर पाणी तिथे थांबून सावकाश जमिनीत मुरतं. तुम्ही कडेला उकरून पाहिलंत तेव्हा ती सुटी वाटली, कारण कर्ब, म्हणजे कडेला आवळून धरणारे दगड, अजून बसायचे होते. चारी बाजूंनी आवळली की ती हलत नाही. दोन थरांत घालून दोन्हींवर कॉम्पॅक्टर फिरवलाय. आणि सर, ही खडी मुरमापेक्षा महाग पडते. वाचवलं कुठे?

चारपैकी दोन दिवस या खडीपायीच गेले. पहिला डंपर आला तेव्हा मी ओंजळभर खडी बादलीत टाकली, तर पाणी ताकासारखं पांढरं झालं. धुतलेली म्हणून आलेली खडी धुतलेली नव्हती. तीच पसरली असती तर काम वेळेत संपलं असतं आणि तुम्ही कदाचित पाच स्टारही दिले असते, पण ती सगळी पूड खडीखाली अंथरलेल्या, पाणी गाळून सोडणाऱ्या कापडावर बसून कापड बुजलं असतं. मी डंपर परत पाठवला. उरलेले दोन दिवस आमच्या नियोजनाची चूक, ती मान्य.

आता गेटजवळच्या कोपऱ्यात साचलेलं पाणी. फोटो तुम्ही टाकलाय, पण फोटोच्या कडेला दिसणाऱ्या लाल मातीबद्दल काही लिहिलं नाही. बागेची माती तुम्ही ब्लॉकवरच ओतून घेतलीत आणि उरलेली पाइपने धुतलीत, ती थेट सांध्यांत गेली. सांध्यांत आम्ही बारीक चिप्स, म्हणजे दगडाचे छोटे तुकडे भरतो, वाळू नाही, ते पाणी खाली जावं म्हणूनच. मी आलो तेव्हा तुमच्यासमोर स्क्रू ड्रायव्हरने दोन बोटं खोल माती खरवडली, बादली ओतली, आणि पाणी उभं न राहता खाली गेलं. तुम्ही "बरं" म्हणालात. रिव्ह्यू त्याच रात्री आला, याचंच वाईट वाटलं. माती टाकायची झाली तर खाली ताडपत्री घाला, हे काम सोपवताना मी सांगितलं होतं. लिहून दिलं नव्हतं, यापुढे देऊ. उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी कळवायचीही काहीतरी सोय करतो.

पुढच्या आठवड्यात माझी दोन माणसं येऊन त्या कोपऱ्याचे सांधे साफ करून नव्या चिप्स भरून देतील, त्याचे पैसे घेणार नाही. फक्त गेटजवळचा तो मातीचा ढीग त्याआधी उचलून ठेवावा, ही विनंती.