लढाईच्या देशात निघालेल्याच्या घरी काय असावे

आमच्या वाडीतून कोणी आखातात किंवा आफ्रिकेत कामाला निघाले, की देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते, आणि ते घातलेच पाहिजे, असे मी मानते. मात्र जाणारा अशांत देशात जात असेल, तर त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि कामाच्या कराराची प्रत घरी ठेवून घेण्याचा आग्रहही घरच्यांनी तितक्याच निष्ठेने धरावा.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानच्या राजधानीत, खार्टुममध्ये लढाई भडकली तेव्हा माझा मावसभाऊ तिथे होता. त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात अडकलेला आणि रत्नागिरीत त्याची साधी झेरॉक्सही नाही. दूतावासाकडे नाव नोंदवायला पासपोर्टचा क्रमांक हवा होता. तो शोधण्यात मावशीचे दोन दिवस गेले. (अखेर जुन्या मोबाइलमधल्या एका फोटोत सापडला.) तिकडे दवाखाने बंद पडले होते आणि त्याच्या मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. पुढे ‘ऑपरेशन कावेरी’त, म्हणजे तिथल्या भारतीयांना परत आणण्याच्या सरकारी मोहिमेत, तो सुमारे ८०० किलोमीटर बसने पोर्ट सुदानला आणि तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दाला पोहोचला.

म्हणून रोजची औषधे निदान तीन महिन्यांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. सुदानसारख्या देशासाठी पीतज्वराची लस प्रवासाआधी किमान १० दिवस घ्यावी लागते. ती ठराविक केंद्रांवरच मिळत असल्याने मुंबईच्या फेरीचा वेळ आधीच धरावा. लढाईत नळाचे पाणी बिघडते आणि कॉलरा पसरतो, तेव्हा पाणी उकळूनच प्यावे आणि ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत. बेवारस पडलेल्या लोखंडी वस्तूला हात लावू नये, तो न फुटलेला बॉम्ब असू शकतो.

सर्वांत जास्त चीड मला येते ती ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांची. दहावी न झालेल्यांना सुदान, येमेन, इराक, लिबिया अशा देशांत नोकरीला जाण्यासाठी सरकारची परवानगी लागते आणि तिच्यासोबत १० लाखांची प्रवासी भारतीय विमा योजनाही सक्तीची असते. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याची ही दोन्ही कवचे निघून जातात, आणि साध्या प्रवास विम्यातून युद्धातले नुकसान बहुधा वगळलेले असते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे ई-मायग्रेट या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. पैसे देण्यापूर्वी ते पाहाच.

वाडीतले कोणी निघणार असेल, तर करार आणि व्हिसा घेऊन रविवारी आमच्या घरी या, आपण ओळ न् ओळ एकत्र वाचू.