भिंत पक्की आहे

अर्धवट बनलेले व्हिडिओ गेम विकायची सोय 'स्टीम' या गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१३ साली सुरू झाली. तिला 'अर्ली अ‍ॅक्सेस' म्हणतात. गेम अजून बनतोय, आहे तसा आवडला तरच घ्या, असं विकणारेच स्वच्छ लिहून ठेवतात आणि तरी लोक घेतात. नुसता पाया खणलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावरचा फ्लॅट बुक करणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

मी घेतला तो रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीचा गेम. खेळण्यातल्या गाड्यांचे गेम पूर्वीही होते. १९९९च्या 'री-व्होल्ट'मध्ये त्या गल्लीबोळांतून आणि सुपरमार्केटमधून सुसाट पळायच्या, आणि कॅमेरा बिचारा गाडीच्या मागून धावायचा. आमच्या गेमवाल्यांना मात्र अस्सलपणाचं वेड. खऱ्या शर्यतीत सगळे चालक ट्रॅकच्या कडेला एका उंच मचाणावर उभे राहतात आणि तिथून हलत नाहीत. म्हणून गेममध्येही तुम्ही मचाणावर, आणि गाडी तिकडे खाली.

ती लांब जात असते तोवर सगळं ठीक. वळसा घालून तुमच्याकडे यायला लागली की तिचं डावं ते तुमचं उजवं. मेंदूला हे पटतं, अंगठ्याला पटत नाही. त्यातून खरी एकदशांश मापाची गाडीसुद्धा ताशी साठ किलोमीटरने सहज पळते, तेव्हा विचार करायला वेळ कोण देतो? गाडीकडे पाठ करून मान वळवून चालवलं की दिशा जुळतात, असं मला कोणीतरी सांगितलं. मी टीव्हीकडे पाठ करून बसलो. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मान लचकली का? बाम देऊ?"

पण अर्धवट गेमचं सुख वेगळंच असतं. गाडी भिंतीवर आपटली की मी शांतपणे म्हणायचो, "फिजिक्स अजून कच्चं आहे." सुट्टीत आलेला भाचा म्हणाला, "मामा, फिजिक्स कच्चं असेल, भिंत पक्की आहे." त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं. पुरावा माझ्या बाजूने होता. कधी गाडी कमरेपर्यंत ट्रॅकमध्ये रुतायची, कधी चारही चाकं पुढे निघून जायची आणि वरचं कवच मागे राहायचं. 'पाऊस' या बटणावर 'लवकरच' असं लिहिलेलं होतं, म्हणजे वेधशाळेपेक्षा फार वाईट म्हणता येणार नाही. सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, चाकांचा तिरकेपणा, डिफरन्शियलमधल्या तेलाचा घट्टपणा, हे सगळं मात्र बदलता येत होतं. मी तेल बदलत बसायचो. त्यात कोणी आपटत नाही.

मग मार्शल आला. खऱ्या शर्यतीत उताणी पडलेली गाडी सुलटी करायला ट्रॅकवर माणसं उभी असतात. बहुधा आधीच्या फेरीत धावलेल्यांनाच हे काम करावं लागतं. सक्तीची समाजसेवा म्हणा. एका अपडेटमध्ये गेमवाल्यांनी असा एक मार्शल आणला. नारिंगी जाकीट होतं, चेहरा व्हायचा होता. माझी गाडी उताणी पडली की तो धावत यायचा, तिच्यापाशी थांबायचा, आणि शेजारची धडधाकट उभी असलेली गाडी उचलून उलटी करायचा. सरकारी कामाचा इतका जिवंत देखावा मी कुठल्याच गेममध्ये पाहिला नव्हता. भाच्याची गाडी उलटली त्या दिवशी तर मला त्याच्या बिनचेहऱ्याच्या चेहऱ्यावर करुणा दिसली.

पुढे दुरुस्त्या येऊ लागल्या आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. रुतणं गेलं. चाकं गाडीतच राहू लागली. स्टिअरिंगला लागणारा उशीर काढला. मार्शलला चेहरा आला आणि पाठोपाठ अक्कलही. प्रत्येक अपडेटमध्ये माझी एकेक सबब कापली जात होती आणि खाली 'तुमच्या सूचनांबद्दल आभार' असं लिहिलेलं असायचं. गाडी समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं, ही माझी तक्रार मात्र त्यांनी 'हे असंच अपेक्षित आहे' म्हणून बंद केली.

"आता बोल," भाचा म्हणाला. वेळांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर होतं, माझं शोधायला पान खाली सरकवावं लागत होतं.

मी कालच नवी तक्रार पाठवली आहे. मचाणाजवळच्या झेंड्याची सावली सूर्याच्याच दिशेला पडते. एवढी ढोबळ चूक असलेल्या गेममध्ये लॅपची वेळ धरायचीच कशी?