थिअरी मांडणाऱ्यांनी पुस्तक अडवलेलं नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. शाळेच्या जुन्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, एका मामेभावाकडून, आणि शेवटी आमच्या रविवारच्या वाचनगटात. तिथे तो टाकला गटातल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकांनी, आणि खाली लिहिलं, ‘पटतंय का बघा.’ मला पटलेलं नाही. का पटलं नाही ते सविस्तर लिहितेय, कारण इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर आम्ही आठ-दहा जण दर रविवारी जे करतो, त्यालाच तो मेसेज नावं ठेवतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही सात पुस्तकांची म्हणून ठरलेली कथा पाचव्या पुस्तकानंतर अडली, त्याला वाचकच जबाबदार आहेत. त्यांनी इतक्या थिअऱ्या, म्हणजे पुढे काय होणार याचे तर्क, मांडल्या की शेवट फुटला, आणि लेखक आता वाचकांना चकवण्यासाठी कथा बदलत बसलेत. शेवट तसाही टीव्हीवर, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या सिरीजमध्ये, दाखवून झालाय. सगळी कथा १९९३ मध्येच ठरली होती, म्हणजे पुस्तक तयार आहे, दाबून ठेवलंय. आणि ज्या कथेला शेवटच नाही तिच्यात काहीही सिद्ध करता येतं, म्हणून थिअरी हा रिकामटेकड्यांचा उद्योग.

(ज्यांनी पुस्तकं वाचलेली नाहीत आणि वाचायची आहेत, त्यांनी इथेच थांबावं. पुढे बरंच फुटणार आहे.)

आधी ‘शेवट फुटला म्हणून पुस्तक अडलं’ हे घेऊ. इथे नुसत्या तारखा बघितल्या तरी पुरे. पहिलं पुस्तक १९९६ मध्ये आलं. जॉन स्नो हा सरदार नेड स्टार्कचा मुलगा नसून नेडची बहीण लिआना आणि राजपुत्र ऱ्हेगार यांचा मुलगा आहे, हा तर्क वाचकांनी त्यानंतर वर्षा-दोन वर्षांतच मांडला. या कथेतलं सगळ्यांत मोठं गुपित हेच. ते असं चव्हाट्यावर आल्यानंतर दुसरं पुस्तक १९९८ मध्ये आलं, तिसरं २००० मध्ये, चौथं २००५ मध्ये, पाचवं २०११ मध्ये. चार जाडजूड पुस्तकं! थिअरीने लेखकाचा हात धरला असता तर तो तेव्हाच धरला असता.

आणि मार्टिन स्वतः याबद्दल बोललेत. २०१४ मध्ये एडिनबर्गच्या पुस्तक महोत्सवात त्यांनी कबूल केलं की एक-दोन वाचकांनी अगदी बारीक खुणा जुळवून बरोबर उत्तर काढलंय. आता काय करायचं, हा विचार त्यांच्याही मनात आला. पण बदलायचं नाही असं त्यांनी ठरवलं. कारण सरळ आहे: आधीच्या पुस्तकांत खुणा पेरून ठेवल्यात, पुस्तकं छापली गेलीत, लोकांच्या घरात आहेत. शेवट फिरवला तर त्या सगळ्या खुणा खोट्या ठरतात, आणि ज्याने मन लावून वाचलं त्याचीच फसवणूक होते. ज्या लेखकाने इतक्या स्पष्टपणे नकार दिला, त्याच्या नावावर तीच गोष्ट खपवणं मला अन्यायाचं वाटतं.

मग पुस्तक का अडलं? याचंही उत्तर लपलेलं नाही. तिसऱ्या पुस्तकानंतर कथा पाच वर्षं पुढे न्यायची, मुलांना मोठं होऊ द्यायचं, असा बेत होता. तो जमेना, म्हणून सोडावा लागला. मग चौथं पुस्तक इतकं फुगलं की त्याची दोन पुस्तकं करावी लागली, आणि तीही काळाप्रमाणे न करता पात्रांप्रमाणे वाटून. मिरीन शहरात ऱ्हेगारच्या बहिणीकडे, डेनेरिसकडे, निघालेली माणसं कोण कधी पोचणार, कोणाच्या आधी कोण आलं तर काय होईल, या एका गाठीत त्यांची वर्षं गेली. बॅरिस्टन सेल्मी या म्हाताऱ्या सरदाराच्या नजरेतून काही प्रकरणं लिहिली तेव्हा ती गाठ सुटली. मार्टिन स्वतःला बागकाम करणारा लेखक म्हणवतात: बी पेरायचं, पाणी घालायचं, आणि वेल कुठे जातो ते बघायचं. नकाशा काढून इमारत बांधणाऱ्यातले ते नव्हेत. अशा माणसाच्या बागेत तीसेक वेल एकमेकांत गुंतले की वेळ लागतो. तो फारच लागलाय, हे मीही म्हणते. २०११ पासून मीही वाट बघतेय. पण उशिराचं कारण वेलींच्या गुंत्यात आहे. बागेबाहेर उभं राहून ‘हे फूल निळं येणार’ म्हणणाऱ्यांचा त्यात काय दोष?

‘पुस्तक तयार आहे, दाबून ठेवलंय’ हे तर दोन ओळींत संपतं. २०१६ च्या जानेवारीत मार्टिन यांनी स्वतः लिहून जाहीर केलं की ठरलेल्या मुदती हुकल्या, पुस्तक झालेलं नाही. त्या लिहिण्यात त्यांची निराशा स्वच्छ दिसते. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की साधारण तीन-चतुर्थांश काम झालंय. दाबून ठेवणारा माणूस असा दर काही वर्षांनी आपली नामुष्की चारचौघांत मांडत नाही.

१९९३ च्या गोष्टीत अर्धं सत्य आहे. त्या साली त्यांनी आपल्या एजंटला एक पत्र लिहून कथेची रूपरेषा दिली होती. २०१५ मध्ये ते पत्र बाहेर आलं आणि आम्ही सगळ्यांनीच अधाशासारखं वाचलं. पण मेसेज लिहिणाऱ्याने ते वाचलेलं दिसत नाही. त्यात तीनच पुस्तकांची योजना आहे. त्यात सर्सी राणीचा जुळा भाऊ जेमी वारसाहक्काच्या रांगेतल्या सगळ्यांना मारून स्वतः राजा होतो आणि खुनांचा आळ धाकट्या भावावर, टिरियनवर टाकतो. त्यात नेडची मुलगी आर्या आणि जॉन एकमेकांच्या प्रेमात पडतात. यातलं काय उरलं? जेमी आज हात गमावलेला, बहिणीपासून तुटलेला, कधी नव्हे तो स्वतःकडे बघायला लागलेला माणूस आहे. ते पत्र जर काही सांगत असेल तर एवढंच की यांच्या हातात कथा वाढते आणि बदलते, आणि ती वाचकांनी डोकं चालवण्याच्या कितीतरी आधीपासून बदलत आलीय.

आता टीव्हीचं. २०११ ते २०१९, आठ सीझन, ७३ भाग. शेवटच्या भागात नेडचा मुलगा ब्रॅन राजा झाला. शेवटाची काही मोठी वळणं मार्टिन यांनी सिरीज करणाऱ्यांना आधीच सांगितली होती, हे खरं आहे. त्यामुळे पुस्तकातही ब्रॅनच राजा होईल, अशी माझीही समजूत आहे. पण पुस्तकात मेलेली नेडची बायको कॅटलिन पुन्हा उठून लेडी स्टोनहार्ट झालीय, फास घेऊन फिरतेय. टीव्हीवर ती नाहीच. पुस्तकात ऱ्हेगारचा मुलगा म्हणवणारा एक तरुण सैन्य घेऊन किनाऱ्याला लागलाय. टीव्हीवर तोही नाही. तो खरंच राजपुत्र आहे की कुणीतरी पढवून उभा केलेला तोतया, यावर आमच्या गच्चीवर दोन तट आहेत आणि दोघांकडे पानं आहेत. एवढी मोठी माणसं ज्या वाटेवर उभी आहेत ती वाट टीव्हीवाल्यांनी घेतलीच नाही. मुक्काम एकच असला तरी बडोद्याहून पुण्याला सुरतवरून जाणं आणि इंदूरवरून जाणं, हे दोन वेगळे प्रवास आहेत.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि मला तोच सगळ्यांत जास्त लागला. ‘शेवट नाही, म्हणजे काहीही सिद्ध करता येतं.’

नाही येत. पहिल्या पुस्तकात एक जागा आहे. सर्सीची मुलं रॉबर्ट राजाची नाहीत हे नेडला कळलंय. रॉबर्टला सांगितलं तर तो त्या लेकरांना जिवंत ठेवणार नाही, हेही कळतंय. नेड स्वतःला विचारतो: एखाद्या अनोळखी मुलाचा जीव एका बाजूला आणि आपली मुलं दुसऱ्या बाजूला, असं झालं तर मी काय करेन? तिथे तो आपल्या मुलांची नावं घेतो. रॉब, सान्सा, आर्या, ब्रॅन, रिकन. पाच. जॉन त्यात नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात जॉन येतो, पण वेगळा: एका बाजूला जॉन आणि दुसऱ्या बाजूला पोटची मुलं असती तर कॅटलिनने काय केलं असतं? पहिल्या वाचनात मी तिथून सरळ पुढे गेले होते. गटात मोठ्याने वाचताना आमच्यातल्या एका शाळकरी मुलीने विचारलं, ‘मावशी, याने सहावं नाव का नाही घेतलं?’ गच्चीवर सगळे गप्प. त्या ओळीला खेटून मग बाकीचं येतं: लिआनाने मरताना भावाकडून घेतलेलं वचन, तिच्या मुठीतल्या वाळून काळ्या पडलेल्या गुलाबपाकळ्या, हॅरेनहालच्या स्पर्धेत ऱ्हेगारने स्वतःची बायको एलिया समोर असताना तिला ओलांडून लिआनाला दिलेला निळ्या गुलाबांचा मुकुट, आणि दुसऱ्या पुस्तकात डेनेरिसला दिसलेलं, बर्फाच्या भिंतीच्या फटीत उगवलेलं निळं फूल. जॉन तेव्हा राहतो कुठे, तर बर्फाच्या भिंतीवर. हे काही हवेतून आणलेलं नाही. याला वाचणं म्हणतात.

उलट बाजूही सांगते. जो उठेल तो छुपा टार्गेरियन, म्हणजे ऱ्हेगारच्या राजघराण्यातला, असं म्हणणाऱ्या थिअऱ्या मी पाहिल्यात. त्यांना पान विचारलं की पान नसतं. आमच्या गटात त्या टिकत नाहीत, आणि त्यासाठी शेवटची वाट बघावी लागत नाही. जॉन ऱ्हेगारचा मुलगा म्हणून आपोआप गादीचा धनी, असं म्हणणारेही आहेत. बडोद्याच्या माणसाने तरी असं म्हणू नये. महाराज खंडेराव १८७० मध्ये वारले तेव्हा त्यांच्या राणी जमनाबाईंना दिवस गेले होते. मुलगा झाला असता तर गादी त्याची. मुलगी झाली आणि खंडेरावांचे भाऊ मल्हारराव गादीवर राहिले. १८७५ मध्ये त्यांना गादीवरून काढलं आणि कवळाण्याहून आलेला बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला गेला, तेच आपले सयाजीराव. रक्त, दत्तक, राणीचा शब्द, इंग्रजांच्या रेसिडेन्सीची मर्जी, हे सगळं एकत्र आलं तेव्हा कुणीतरी गादीवर बसलं. नुसत्या वंशवेलीवर गादी मिळत नाही.

मल्हाररावांचं प्रकरण तर काकांनी आठवावंच, ते आम्हाला त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं होतं. १८७४ मध्ये इंग्रज सरकारचे दरबारातले प्रतिनिधी, रेसिडेंट फेअर यांच्या सरबताच्या पेल्यात विष सापडलं. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं: तीन इंग्रज, आणि ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव. साक्षी त्याच, कागद तेच, पेला तोच. इंग्रजांना मल्हारराव दोषी वाटले, बाकी तिघांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. तीनास तीन. शेवटी सरकारने त्यांना काढलं ते गैरकारभाराचं कारण देऊन. तो पेला कुणी भरवला याचा एकमताचा निकाल कधी लागलाच नाही. म्हणून त्याबद्दल कुणीही काहीही म्हणावं असं झालं का? दीडशे वर्षं जाणती माणसं त्याच साक्षी वाचून मत बनवतायत, आणि ज्याने साक्षी वाचलेल्या नाहीत त्याला लगेच ओळखतात. निकाल नसला तरी पुरावा असतो. ज्या गावात प्राच्यविद्या मंदिरात पोथ्यांमागून पोथ्या ताडून वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, त्या गावात ओळीला ओळ लावून बघण्याला रिकामटेकडेपणा म्हटलेलं मला ऐकवत नाही.

काका, तुमच्या मेसेजला माझं हे उत्तर. पण रविवारी तुम्ही यावं असं फार वाटतंय, कारण आम्ही चौथ्या पुस्तकातल्या एका शब्दावर अडलोय. लहानपणी सर्सीला एका जादूगारणीने सांगितलंय की तुझा गळा ‘वालोंकार’ आवळेल. वालोंकार म्हणजे धाकटा भाऊ, असं सर्सीला तिच्या शिक्षिकेने सांगितलं, म्हणून ती जन्मभर टिरियनला भ्याली. जेमीही तिच्या मागूनच जन्मलाय, हे तिच्या ध्यानातच येत नाही. टीव्हीवर भविष्याचा हा तुकडा गाळलाच, म्हणजे त्याचं उत्तर फक्त न आलेल्या पुस्तकात आहे. त्यात त्याच चौथ्या पुस्तकात म्हातारा पंडित एमन मरणाच्या दारात सांगतो की एका जुन्या भविष्यात भाषांतराची चूक झाली: ड्रॅगन नर नसतो आणि मादीही नसतो, आणि आपण हजार वर्षं ‘राजपुत्र’ म्हणत बसलो. मग वालोंकारचंही तसंच असेल तर? इंग्रजीतही ‘सिब्लिंग’ हा शब्द आहे, पण पुस्तकात भाऊच निवडलाय. त्या शाळकरी मुलीने वहीत मराठीत लिहून आणलं होतं: ‘धाकटं भावंड’. नपुंसकलिंगी, आणि कुणाचं, तेही सांगितलेलं नाही. एका शब्दाने टिरियन आणि जेमीबरोबर आर्यासुद्धा संशयितांच्या रांगेत येऊन उभी राहिली. मला ते पटतंय, बाकी निम्म्यांना नाही. तुमची प्रत जुन्या छपाईची आहे, तेवढी घेऊन या. त्या पानावरचे नेमके शब्द ताडून बघायचेत.